उपदेश आणि स्फोट : एका पर्यावरणवादी मारधाडपटाच्या निमित्ताने

एखाद्या कलाकृतीवर 'प्रचारकी' असा शिक्का मारला की तिचे मूल्यमापन संपले, असा समज आपल्याकडील समीक्षेत दीर्घकाळ रूढ आहे. आंबेडकरी चळवळीतून उभ्या राहिलेल्या साहित्याला हा शिक्का किती सहजपणे लावला गेला, हे या पानांच्या वाचकांना निराळे सांगावयास नको. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे जलसे उघडपणे प्रचारासाठीच उभे राहिले होते. जातककथाही बोध करण्यासाठीच सांगितल्या गेल्या. तेव्हा एखादी कृती उपदेश करते एवढ्याच कारणाने तिला हीन ठरविणे आपणांस परवडणारे नाही. तो निकष मान्य केला तर आपल्या परंपरेचा मोठा भाग आपल्याच हातांनी बाद करावा लागेल. परंतु म्हणून सर्व प्रचार एकाच मोलाचा, असेही म्हणता येत नाही. सकस प्रचार कोणता आणि पोकळ प्रचार कोणता, हे ओळखण्याची कसोटी आपल्याजवळ असावयास हवी. अशी कसोटी प्रथम दूरच्या उदाहरणावर घासून पाहणे बरे असते. कारण तेथे आपले राग-लोभ आड येत नाहीत. याच हेतूने प्रस्तुत लेखात 'ऑन डेडली ग्राउंड' या अमेरिकन चित्रपटाचा विचार केला आहे.

हा चित्रपट फेब्रुवारी १९९४ मध्ये प्रदर्शित झाला. नायक स्टीव्हन सीगल, दिग्दर्शकही तोच. कथा अलास्कात घडते. फॉरेस्ट टाफ्ट हा तेलविहिरींना लागलेल्या आगी विझविणारा निष्णात तंत्रज्ञ 'एजिस ऑइल' या काल्पनिक कंपनीच्या नोकरीत आहे. कंपनीचा प्रमुख मायकेल जेनिंग्ज याची भूमिका मायकेल केन यांनी केली आहे. कंपनीचा नवा प्रचंड प्रकल्प ठरावीक दिवसांत सुरू झाला नाही, तर तेलाचे हक्क मूळच्या इन्युइट लोकांकडे परत जाणार आहेत. म्हणून जेनिंग्ज सदोष यंत्रसामग्री बसवून घाईने काम रेटतो. हा दोष टाफ्टच्या एका जुन्या सहकाऱ्याला ठाऊक असतो. त्याचा छळ करून त्याला ठार मारले जाते. टाफ्टलाही स्फोटात उडवून देण्याचा डाव रचला जातो. तो वाचतो, इन्युइट वस्तीत बरा होतो, आणि वस्तीच्या प्रमुखाची कन्या मासू हिला बरोबर घेऊन कंपनीचा सूड घेतो. अखेरीस तो संपूर्ण प्रकल्पच स्फोटाने उडवून देतो. त्यानंतर अलास्काच्या विधानभवनात उभा राहून तो प्रदूषणावर काही मिनिटांचे भाषण करतो आणि चित्रपट संपतो.

हे शेवटचे भाषण त्या काळी चेष्टेचा विषय झाले. वर्षातील सर्वांत वाईट चित्रपटांना उपहासाने दिला जाणारा 'गोल्डन रास्पबेरी' हा पुरस्कार सीगल यांना याच चित्रपटाच्या दिग्दर्शनाबद्दल मिळाला. बहुतेक टीकाकारांचा आक्षेप असा की, मारामारी पाहावयास आलेल्या प्रेक्षकाला अखेरीस व्याख्यान का ऐकवावे? हा आक्षेप मला मान्य नाही. व्याख्यानाचा विषय खोटा नव्हता. २४ मार्च १९८९ रोजी 'एक्झॉन व्हाल्डेझ' हे तेलवाहू जहाज अलास्काच्या प्रिन्स विल्यम साउंडमध्ये खडकावर आदळले आणि सुमारे १ कोटी १० लाख गॅलन कच्चे तेल समुद्रात पसरले. समुद्रपक्षी लक्षावधींच्या संख्येने मेले. मासेमारीवर जगणाऱ्या गावांचे जीवन मोडून पडले. त्या घटनेला पाच वर्षे होत असताना कोट्यवधी डॉलर खर्चून निघालेला एक लोकप्रिय चित्रपट तेलकंपन्यांना गुन्हेगार म्हणतो, ही गोष्ट क्षुल्लक नाही. ज्या यांत्रिक दोषावर कथानक उभे आहे तोही अचूक निवडलेला आहे. तेलविहिरीतून तेल आणि वायू अनावर उफाळून येऊ नयेत म्हणून तिच्या तोंडावर अवजड झडपांची एक यंत्रणा बसवितात. तिला 'ब्लोआउट प्रिव्हेंटर' म्हणतात. चित्रपटात हीच यंत्रणा सदोष आहे. पुढे २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलमंचावर स्फोट झाला, ११ कामगार मृत्युमुखी पडले आणि ८७ दिवस समुद्रात तेल वाहत राहिले. त्या विहिरीवरील हीच यंत्रणा तेल रोखू शकली नाही. ज्या चित्रपटाला लोक हसले, त्याने सोळा वर्षे आधी नेमक्या ठिकाणी बोट ठेवले होते, हे मान्य करावयास हवे.

मग हा चित्रपट फसतो कोठे? माझ्या मते तो भाषणात फसत नाही. भाषणापूर्वीच्या दीड तासात त्याने जे दाखविले, त्याच्याशी भाषणाचा मेळ बसत नाही, म्हणून तो फसतो. हे तीन अंगांनी पाहता येईल : दुःखाचे कारण, हिंसेची गरज आणि बोलण्याचा अधिकार.

प्रथम कारणाचा विचार करू. चित्रपटातील जेनिंग्ज हा लोभी आहे, निर्दय आहे, उद्धटही आहे. कॅमेऱ्यासमोर तो निसर्गप्रेमाची जाहिरात करतो आणि कॅमेरा बंद होताच निसर्गाचा तिटकारा व्यक्त करतो. खलनायक म्हणून हे चित्रण रंजक आहे. परंतु त्यामुळे प्रदूषण हा एका दुष्ट माणसाच्या स्वभावाचा परिणाम ठरतो. दुष्ट माणूस मेला की दुःखाचे मूळ उपटले गेले, असे प्रेक्षकाला वाटते. प्रत्यक्षात काय होते? डीपवॉटर होरायझनच्या खटल्यात २०१४ साली अमेरिकन न्यायालयाने दोषाची वाटणी केली. विहिरीची मालक कंपनी बीपी ६७ टक्के, तेलमंचाची मालक ट्रान्सओशन ३० टक्के आणि विहिरीत सिमेंट भरण्याचे काम करणारी हॅलिबर्टन ३ टक्के. तेथे मुठी आवळून हसणारा एकही जेनिंग्ज नव्हता. वेळ वाचविण्याचे निर्णय होते, दुर्लक्षिलेल्या चाचण्या होत्या, ढिले नियंत्रण होते आणि त्या सर्वांच्या मागे स्वस्त तेलाची जगभरची मागणी होती. हे असल्यामुळे ते होते, असे सांगणारा पटिच्चसमुप्पादाचा विचार ज्याने थोडाही केला आहे, त्याला हे चित्र ओळखीचे वाटेल. अनेक प्रत्यय एकत्र येतात तेव्हा अनर्थ घडतो. त्यांपैकी एक व्यक्ती वजा केल्याने साखळी तुटत नाही.

या संदर्भात व्यग्घ जातकाची आठवण होते. एका वनात दोन वृक्षदेवता राहत होत्या. तेथील सिंह आणि वाघ यांनी मारलेल्या जनावरांचे अवशेष कुजून दुर्गंधी सुटे. त्रासलेली एक देवता या दोघांना हाकलून द्यावयास निघाली. दुसरी, जी बोधिसत्त्व होती, तिने समजावले की, या श्वापदांच्या भयामुळेच माणसे वनात येत नाहीत; ती गेली तर वनही जाईल. पहिलीने ऐकले नाही. सिंह-वाघ गेले, त्यांच्या पावलांच्या खुणा दिसेनाशा झाल्या आणि थोड्याच दिवसांत माणसांनी झाडे तोडून तेथे शेती केली. ही कथाही उपदेशच करते. परंतु ती ऐकणाऱ्याला कारणांची साखळी दाखविते आणि डोळ्यांना खुपणारा 'दुष्ट' हटविला की काय होते, याचा विचार करावयास लावते. 'ऑन डेडली ग्राउंड' पहिल्या वृक्षदेवतेच्या बुद्धीने चालतो.

दुसरा मुद्दा हिंसेचा. मारधाडपटात हिंसा असू नये असे म्हणणे हास्यास्पद होईल. बौद्ध दृष्टी म्हणजे सरसकट, निर्विचार अहिंसा, असाही गैरसमज नको. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. जेथे केवळ मारण्याची इच्छा आहे तेथील हत्या तथागतांनी निषिद्ध मानली, असे त्यांचे विवेचन आहे. हा भेद चित्रपटसमीक्षेतही फार उपयोगी पडतो. या चित्रपटात टाफ्टसमोर कित्येकदा निराळा मार्ग उपलब्ध आहे. त्याच्याजवळ माहिती आहे, तांत्रिक ज्ञान आहे, कंपनीच्या आतील अनुभव आहे. पण पुरावा गोळा करणे, साक्ष देणे, कामगारांना सावध करणे यांपैकी कशालाही पटकथेत फारशी जागा नाही. बंदुका आणि स्फोटके जमविण्यास मात्र भरपूर वेळ आहे. शेवटी जेनिंग्ज हाती सापडतो तेव्हा तो दोरीला टांगलेला आणि निःशस्त्र असतो. दोर कापला जातो आणि तो कच्च्या तेलात बुडून मरतो. येथे गरज कोणती होती? प्रेक्षकाला त्या मृत्यूचा आस्वाद घेता यावा, एवढीच. गरजेचे नाव पुढे करून इच्छा पुरी केली जाते.

आणि तो अखेरचा स्फोट! तेलाने भरलेला एवढा प्रकल्प उडाल्यावर किती तेल जळाले, किती विष हवेत गेले, ते कोठे वाहत गेले, याबद्दल चित्रपट एक अक्षरही उच्चारत नाही. लगेच पुढच्या प्रसंगात नायक प्रदूषणावर बोलू लागतो. ज्या कृतीचा विपाक दाखविण्याचे धैर्य कलाकृतीत नाही, त्या कृतीनंतर येणारा उपदेश ऐकणाऱ्याच्या अंतःकरणापर्यंत पोहोचत नाही. जेनिंग्ज जाहिरातीत जे करतो आणि टाफ्ट व्यासपीठावर जे करतो त्यांत शब्दांचा फरक जरूर आहे. पण शब्द आणि आचरण यांतील अंतर दोन्हीकडे आहे.

चित्रपटात एकच प्रसंग असा आहे की जेथे काही निराळे घडण्याची शक्यता डोकावते. मद्यगृहात एक धिप्पाड तेलकामगार एका असहाय इन्युइट माणसाची कुचेष्टा करतो. टाफ्ट त्याला बेदम मारतो आणि मग विचारतो की, माणसाचे मूळ स्वरूप बदलण्यास काय लागते? रक्तबंबाळ झालेला तो माणूस उत्तरतो, वेळ लागतो. प्रश्न खराखुरा आहे, उत्तरही प्रामाणिक आहे. मज्झिमनिकायातील अंगुलिमाल सुत्ताचा विषयही हाच. तेथे तथागत शस्त्राविना समोर जातात आणि हिंसक माणूस बदलतो. एवढेच नव्हे, तर बदलल्यानंतर लोकांनी फेकलेल्या दगडांनी रक्तबंबाळ होऊनही तो ते शांतपणे सोसतो. बदलाची किंमत तेथे बदलणारा मोजतो. 'ऑन डेडली ग्राउंड'मध्ये हा प्रश्न मारहाणीनंतरचा विश्राम म्हणून येतो आणि विसरला जातो. कथेत पुढे कोणीही बदलत नाही. काही मरतात, काही टाळ्या वाजवितात.

तिसरा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर मुद्दा बोलण्याच्या अधिकाराचा आहे. जमीन इन्युइटांची, पाणी त्यांचे, प्रमुखाचा बळीही त्यांचाच. परंतु विधानभवनात बोलतो तो टाफ्ट. वस्तीतील लोक त्याची शुश्रूषा करतात, त्याला दृष्टान्त घडवितात, तो निवडलेला पुरुष आहे असे मानतात आणि मग मागे उभे राहतात. मासूच्या भूमिकेसाठीही शांघायमध्ये जन्मलेल्या जोन चेन या अभिनेत्रीची निवड झाली. मुख्य भूमिकेत त्या समाजातील स्त्री दिसली नाही. वास्तवातील अलास्का याहून पुष्कळ गुंतागुंतीचा आहे. १९७१ च्या कायद्याने तेथील मूळ रहिवाशांना सुमारे ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली, आणि त्यांच्या स्वतःच्या कंपन्या स्थापन झाल्या. उत्तर किनाऱ्यावरील काही समाज तेल काढण्याच्या बाजूने आहेत. कॅरिबू हरणांवर जगणारे ग्विचिन लोक त्याला अनेक वर्षे विरोध करीत आले आहेत. आपसांत मतभेद असणारे, हिशेब मांडणारे, वाद घालणारे लोक हे खऱ्या अर्थाने नागरिक होत. चित्रपटाला मात्र नागरिक नको आहेत. त्याला निष्पाप, गूढ आणि मूक माणसे हवी आहेत. दुसऱ्याने आपल्या वतीने बोलावे आणि आपण कृतज्ञ राहावे, या व्यवस्थेचा अनुभव ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घेतला, त्यांना या दृश्यातील अपमान समजावून सांगण्याची गरज नाही.

ज्या वर्षी हा चित्रपट झळकला त्याच वर्षी, १९९४ मध्ये, अलास्कातील ज्यूरीने एक्झॉन कंपनीला ५०० कोटी डॉलरांची दंडात्मक भरपाई ठोठावली. कोळी, गावकरी आणि मूळ रहिवासी यांनी वर्षानुवर्षे चालविलेला तो खटला होता. पुढे अपिलांमागून अपिले झाली आणि २००८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम सुमारे ५० कोटी ७५ लाख डॉलरांवर आणली. तोपर्यंत कित्येक वादी हयात राहिले नव्हते. दरम्यान १९९० च्या कायद्याने तेलवाहू जहाजांना दुहेरी तळ सक्तीचा केला, ही या दुर्घटनेतून निघालेली ठोस गोष्ट. अर्धा जय आणि अर्धा पराजय असलेली ही कहाणी पडद्यावर नाही. ती संथ आहे, तीत स्फोट नाही. पण तीतील माणसे स्वतः बोलतात.

सीगल यांच्या पुढील चरित्रामुळे या चर्चेला एक वेगळे वळण मिळते. १९९७ साली न्यिंगमा परंपरेचे आचार्य पेनोर रिंपोचे यांनी त्यांना सतराव्या शतकातील चुंगद्राग दोर्जे यांचा 'तुलकू', म्हणजे पुनरवतार, म्हणून मान्यता दिली. त्याच वर्षी त्यांचा 'फायर डाउन बिलो' हा दुसरा पर्यावरणवादी मारधाडपट आला. त्यात केंटकीच्या डोंगरात विषारी कचरा पुरणाऱ्यांचा ते समाचार घेतात. तिबेटी परंपरेच्या श्रद्धांचा अनादर करण्याचा येथे हेतू नाही. परंतु आत्म्याच्या संक्रमणाची कल्पना बाबासाहेबांनी नाकारली असल्याने, कोण कोणाचा अवतार हा प्रश्न आपल्या दृष्टीने गौण ठरतो. सुत्तनिपातातील वसल सुत्त जन्माऐवजी कर्मावरून माणसाची पारख करते. तीच कसोटी येथेही लावावी. पडद्यावरील टाफ्टलाही दृष्टान्ताने 'निवडलेला' ठरविले जाते, हे लक्षात घेता जन्मजात किंवा दैवदत्त थोरवीचा मोह नायकाच्या घडणीतच होता असे दिसते. असा नायक इतरांना जागे करीत नाही. तो त्यांचे काम स्वतः उरकून टाकतो.

याच १९९७ साली जपानमध्ये हायाओ मियाझाकी यांचा 'प्रिन्सेस मोनोनोके' हा चित्रपट आला. तोही पर्यावरणाविषयीचा, तोही लढायांनी भरलेला. लोखंडाच्या भट्ट्यांसाठी वन तोडणारी एबोशी ही तेथील प्रतिपक्षाची नायिका. परंतु ती जेनिंग्ज नाही. कुंटणखान्यातून सोडविलेल्या स्त्रियांना तिने काम दिले आहे, समाजाने टाकलेल्या कुष्ठरोग्यांना आसरा दिला आहे. वन वाचावे तर या माणसांचे काय, हा प्रश्न चित्रपट प्रेक्षकाच्या हातात ठेवतो. तरुण अशिताका लढतो, मारतोही; पण त्याच्या हातावर शापाचा डाग आहे आणि द्वेषाने तो पसरत जातो. हिंसेचा विपाक मारणाऱ्याच्या शरीरावरच दिसतो. शेवटी एबोशी मरत नाही. एक हात गमावून ती नव्याने, अधिक चांगली वस्ती उभारण्याचे ठरविते. या चित्रपटाचा संदेश काही कमी ठळक नाही. तरीही तो ओझे वाटत नाही, कारण तेथे कारणे दिसतात आणि माणसे बदलू शकतात.

आणखी एक उदाहरण आपल्या देशाशी थेट जोडलेले आहे. २००९ च्या 'अवतार' या चित्रपटातही बाहेरून आलेला सैनिक खाणकंपनीविरुद्ध मूळ रहिवाशांचा सेनापती होतो. फेब्रुवारी २०१० मध्ये 'सर्व्हायव्हल इंटरनॅशनल' या संस्थेने अमेरिकेतील चित्रपट-व्यवसायाच्या पत्रात जाहिरात देऊन दिग्दर्शक जेम्स कॅमेरून यांना ओडिशातील डोंगरिया कोंधांच्या मदतीचे आवाहन केले. कारण नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटच्या खाणीचा घाट घातला जात होता. प्रत्यक्षात तेथे काय घडले? १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपविला आणि त्या वर्षी भरलेल्या बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. कोणी सेनापती आला नाही. वकील, कार्यकर्ते यांचे साह्य निश्चितच होते; पण सभेत उभे राहून बोलले ते तेथील स्त्री-पुरुष. महापरिनिब्बान सुत्तात वज्जींविषयी तथागतांनी आनंदाला विचारलेला पहिलाच प्रश्न असा आहे की, ते वारंवार सभा भरवितात काय? वज्जींचे बळ त्यांनी तेथे पाहिले. नियमगिरीच्या बारा सभांना त्या प्रश्नाचे उत्तर देता आले असते.

प्रारंभी ज्या कसोटीचा उल्लेख केला, ती आता मांडता येईल. उपदेश किती मोठ्या आवाजात केला, हे पाहण्याचे कारण नाही. त्या कृतीने दुःखाची कारणे दाखविली काय, केलेल्या कर्माचा विपाक दाखविला काय, आणि ज्यांचे दुःख त्यांना बोलू दिले काय, हे पाहावे. जलशांचा आवाज मोठा होता, पण गाणारे आणि ऐकणारे एकाच वस्तीतले होते आणि रात्र सरल्यावर ऐकणाऱ्यांकडे करावयाचे काहीतरी असे. 'ऑन डेडली ग्राउंड'च्या प्रेक्षकाकडे चित्रपटगृहातून निघताना काही करावयाचे उरत नाही. खलनायक मेलेला असतो, भाषण झालेले असते. हीच कसोटी आज आपल्या रंगमंचावर, आपल्या गीतांवर आणि आपल्या जयंत्यांतील व्याख्यानांवर लावून पाहिली तर काही ठिकाणी आपणही टाफ्टच्या व्यासपीठावर उभे असल्याचे आढळेल. ते आढळले तर आवाज खाली आणण्याची घाई करू नये. श्रोत्यांतील कोणाला अद्याप बोलावयाचे आहे, ते आधी पाहावे.